इमॅजिकाला जाताना नेमकं काय न्यायचं? (मे महिना, दोन पोरं, आजी-आजोबा, आणि सासूबाईंची यादी)

वाळवण | ४ मे, रात्री १०:१२

मंडळी, येत्या शनिवारी पुण्याहून खोपोलीला इमॅजिकाला जायचं ठरलंय. आम्ही सहा जण: मी, नवरा, लेक नऊ वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा, सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात) आणि सासरे (वय ७२, मधुमेह, इन्सुलिन चालू). फक्त थीम पार्कचं तिकीट काढलंय, वॉटर पार्कचं नाही.

खरा प्रश्न सामानाचा आहे. गेल्या वर्षी एका वॉटर पार्कला गेलो होतो. तीन पिशव्या, एक सॅक आणि एक बादली. होय, बादली. ओले कपडे ठेवायला. सगळं सामान एका छत्रीखाली मांडलं आणि त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं म्हणून मी बसले, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. मध्ये मध्ये सगळे निथळत यायचे, खायला मागायचे, टॉवेल मागायचे, परत जायचे. माझ्या अंगाला पाणी लागलं ते फक्त हात धुताना.

यंदा मला राइडमध्ये बसायचंय. त्यामुळे सामान कमीत कमी हवं. पण सासूबाईंनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे यादी करायला घेतलीय. आत्तापर्यंत त्यात आहे: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, चिवडा, पाच लिटरचा पाण्याचा जार, सतरंजी, चार पंचे, दोन छत्र्या, पत्त्यांचा कॅट, बाम, क्रेप बँडेज, सुईदोरा, नेलकटर.

काय ठेवू, काय गाळू? अनुभवी लोकांनी सांगा.

---

तिरपीट | ४ मे, रात्री १०:२०

नेलकटर कशाला?

---

वाळवण | ४ मे, रात्री १०:२३

विचारलं. "लागतं," म्हणाल्या.

---

घाटमाथा | ४ मे, रात्री १०:४१

पहिली गोष्ट, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पार्कांचा हाच नियम. गेटवर सॅक उघडून बघतात. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं सोडतात, पण दशम्यांना बाळाचं खाणं म्हणून सोडणार नाहीत. आम्ही एकदा एका पार्कच्या गेटबाहेर उभं राहून नऊ जणांनी मिळून बावीस थालीपिठं संपवली होती. सकाळी साडेदहा वाजता. त्यानंतर पहिल्याच गोल फिरणाऱ्या राइडला काय झालं ते सांगत नाही.

तेव्हा डबा न्यायचाच असेल तर दोन भाग करा. सकाळचा डबा वाटेत, घाट उतरायच्या आधी खाऊन मोकळं व्हायचं. संध्याकाळचा डबा गाडीत ठेवायचा, परतीला खायचा. दुपारचं जेवण आतच, त्याचे पैसे आधीच बजेटमध्ये धरा म्हणजे ऐनवेळी घरात वाद होत नाहीत.

---

कढीपत्ता | ४ मे, रात्री ११:०५

संध्याकाळचा डबा गाडीत ठेवणार असाल तर त्यात काय आहे हे फार महत्त्वाचं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत दिवसभर काय भट्टी होते ते आपल्याला माहीत आहे. बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर शिजवलेलं ओलसर अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असा साधा नियम आहे. म्हणजे बटाट्याची भाजी, दहीभात, ओल्या खोबऱ्याची चटणी, कांदा घातलेलं थालीपीठ, अंडं, पनीर हे सगळं बाद. त्यातही दहीभात. "दही आहे, आंबेल फार तर" असं म्हणणारे लोक मला अजून भेटतात.

टिकतं ते कोरडं. दशम्या टिकतात, पण नीट भाजलेल्या हव्यात. कणीक दुधात भिजवायची, तेलाचं मोहन जरा सढळ, पाण्याचा थेंब नाही. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजायच्या आणि डब्यात भरण्याआधी पूर्ण गार करायच्या. गरम भरल्या की झाकणाला वाफ धरते आणि तीच वाफ सगळं बिघडवते. तिखटमिठाच्या पुऱ्या त्याहून बऱ्या. लसूण-सुक्या खोबऱ्याची चटणी, चिवडा, खाकरे, शेंगदाण्याचे लाडू. लोणचं चालेल पण काचेच्या बरणीत नको, आणि लोणच्याचा डबा वेगळ्या पिशवीत. कोकणात जाताना एकदा आमच्या लोणच्याचा डबा मावशींच्या माहेरच्या पैठणीवर सांडला होता. त्याला आता बारा वर्षं झाली. अजून विषय निघतो.

---

दादरा | ४ मे, रात्री ११:३०

डब्यावरून आठवलं. नव्वदच्या दशकात आम्ही एस्सेलवर्ल्डला जायचो. बोरिवलीहून गोराई खाडी, मग फेरीबोट. १९८९ साली ते सुरू झालं आणि आमच्या चाळीत पुढची पाच वर्षं तोच एक विषय. माझ्या गळ्यात पट्ट्याची वॉटरबॅग, ज्यातलं पाणी दुपारपर्यंत प्लास्टिकच्या वासाचं व्हायचं. पैसे आईच्या रुमालाच्या गाठीत. बोटीत बसायच्या आधीच अर्ध्या पुऱ्या संपलेल्या.

वाळवण, तुमचं वाचून एक गोष्ट डोक्यात आली. आम्ही तिथे तीनदा गेलो. आई तिन्ही वेळा आली. पण आई कुठल्या राइडमध्ये बसली होती हे मला एकदाही आठवत नाही. आत्ता रात्री साडेअकरा वाजता तिला फोन करून विचारणार होतो, पण ती झोपली असेल.

---

तिरपीट | ४ मे, रात्री ११:३४

उद्या विचारा आणि इथे सांगा.

---

माजी_शिट्टीवाला | ५ मे, सकाळी ८:१५

मी दोन सीझन एका पार्कात राइडवर काम केलंय (कुठल्या ते राहू द्या). शिट्टी, पट्टे तपासणे, "हात वर करू नका, आधी बार ओढा" हे दिवसातून तीनशे वेळा. लोक काय आणतात यापेक्षा काय हरवतात ते मी जास्त सांगू शकतो.

मोबाईल पहिला नंबर. शर्टाच्या वरच्या खिशातला. राइड उलटी झाली की तो खिशातून निघणारच, आणि खाली चालणाऱ्या माणसाच्या डोक्यात तो दगडासारखा बसतो. खिसे रिकामे करायला सांगतात ते तुमच्या मोबाईलच्या काळजीने नाही, खालच्या माणसाच्या काळजीने. दुसरा नंबर चपला. इमॅजिकाचा नायट्रो हा पायाखाली फरशी नसलेला रोलरकोस्टर आहे. पाय अधांतरी लोंबकळतात. सैल चप्पल घातलेला माणूस अनवाणी परत येतो. मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घाला. तिसरा चष्मा. चष्म्याची दोरी मेडिकलमध्ये किंवा चष्म्याच्या दुकानात मिळते, फार महाग नसते, आणि माझ्या मते अख्ख्या सामानातली सगळ्यात वसूल वस्तू तीच.

चौथा नंबर ऐकून हसाल. कवळी. आमच्या हरवले-सापडलेच्या खोक्यात सीझनच्या शेवटी दोन होत्या. कुणी न्यायला आलं नाही. कसं येणार, ओळख कशी पटवणार?

बायकांसाठी: लांब मंगळसूत्र घालून येऊ नका. वाटी सीटच्या पट्ट्यात अडकते, ओढली जाते. घरी ठेवा किंवा छोटं घाला. ओढणी, मोकळे लांब केस, कमरेला बांधलेली शाल, सगळ्याचं तेच. वॉटर पार्कला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, त्यावरून लोक फार भांडायचे. पण कारण साधं आहे. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये जातात, आणि जीन्सची बटणं, चेन घसरगुंडीला ओरखडे पाडतात. मग पुढच्याची पाठ सोलवटते. तुम्ही यंदा वॉटर पार्क करत नाही, पण पुढे लागेल. नायलॉनचे कपडे घरूनच न्या. भाड्याचे मिळतात, पण भाड्याचे ते भाड्याचे.

लॉकर घ्या. सगळं सामान त्यात, किल्ली मनगटाला. आणि दिवसभरात तो दोनदाच उघडायचा असं ठरवून टाका. दर अर्ध्या तासाला कुणीतरी "माझी टोपी" म्हणून येतं आणि पूर्ण पार्क ओलांडून परत लॉकरपाशी जावं लागतं. निम्मा दिवस त्यातच जातो.

---

निवांत | ५ मे, सकाळी ९:०२

सगळ्या पिशव्या बायकाच सांभाळतात असं नाही हो. आमच्याकडे मी बसतो. मला पाळण्यातसुद्धा चक्कर येते. पाच वर्षांत चार पार्क बघितलेत, सगळे बाकड्यावरून. बाकड्यावर बसणाऱ्यांचाही एक समाज असतो. एका पार्कात मला इचलकरंजीचे एक गृहस्थ भेटले, त्यांच्याकडे तेरा माणसांचं सामान होतं. आम्ही रमी खेळलो. त्या यादीतला पत्त्यांचा कॅट मुळीच गाळू नका.

---

वाळवण | ५ मे, सकाळी ९:२०

निवांत, तुमची चक्कर वेगळी, माझी तशी नाही. मला कधी विचारलंच नाही कुणी.

कॅट ठेवतेय.

---

जर्सीकर | ५ मे, दुपारी १:४७ (इथे पहाटेचे सव्वाचार, जेटलॅग)

अमेरिकेत उलटं आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेल्या आईबाबांना घेऊन ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला गेलो होतो. तिथे आपलं खाणं आत नेता येतं. अटी आहेत: काचेचं काही नको, दारू नको, आत गरम करावं लागेल असं काही नको. सुटा बर्फ चालत नाही, गोठवलेली बर्फाची पाकिटं चालतात. कूलर फार मोठा नको, २४ बाय १५ बाय १८ इंचांच्या आत. मुलांच्या ढकलगाडीचीसुद्धा मापं आहेत, ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, त्याहून मोठी नाही. सामान ओढायच्या चार चाकी गाड्या २०१९ पासून बंद केल्या. सेल्फी स्टिक त्याच्याही आधीपासून बंद. आणि जिथे पटकन खाणं मिळतं अशा काउंटरवर बर्फ घातलेल्या पाण्याचा ग्लास फुकट देतात, मागावा मात्र लागतो.

नियम एवढे मोकळे म्हटल्यावर आईला रानच मिळालं. पोळीचे लाडू, मेथीचे ठेपले, तिखट शेव, भाजलेले शेंगदाणे, आवळा सुपारी, लोणच्याच्या दोन पुड्या. तपासणीवाल्या बाईंनी लाडवांचा डबा उघडला, बराच वेळ बघितला आणि हे काय असं विचारलं. मी इंग्रजीत समजवायला सुरुवात केली तेवढ्यात आई म्हणाली, "लाडू." बाईंनी मान डोलावली, झाकण लावलं. बारा माणसांच्या रांगेत माझं एक वाक्यसुद्धा पूर्ण होऊ दिलं नाही आईने.

पण खाणं चालतं म्हटल्यावर ते उचलावं लागतं, हे मला दुपारी कळलं. दिवसात अठरा-वीस हजार पावलं होतात. सकाळी सात किलोची वाटलेली सॅक तीन वाजता सतरा किलोची होते. त्यामुळे आत खाणं नेता येत नाही म्हणून फार वाईट वाटून घेऊ नका. एक ओझं तुमच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी कमी केलंय.

एक कामाची गोष्ट. डिस्नेमध्ये लहान मूल असलेल्या आईबापांसाठी अदलाबदलीची सोय आहे. एक जण राइडला जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो, मग दुसरा पूर्ण रांग न लावता जातो. तुमच्याकडे अशी सोय आहे का ते राइडच्या तोंडाशी विचारा. तीन वर्षांचं पोर असताना हाच खरा मुद्दा आहे.

---

पांढरा_डगला | ५ मे, दुपारी ३:१०

सासऱ्यांच्या इन्सुलिनबद्दल लिहितो. बाकी धागा मजेचा आहे, हे तेवढं नीट वाचा.

इन्सुलिन कुठल्याही परिस्थितीत गाडीत ठेवू नका. चालू पेन साधारण ३० अंशांच्या खाली असेल तर सुमारे चार आठवडे बाहेर चालतो, म्हणजे एका दिवसाला फ्रिजची गरज नाही. पण मे महिन्यातली बंद गाडी ३० अंशांवर थांबत नाही. पेन ओल्या सुती कापडात गुंडाळा, वर सैल पिशवी. कापड वाळतं तसं आतलं गार राहतं, माठाचं तेच तत्त्व. बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. पेन, सुया, साखर मोजायचं यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच छोट्या पाउचमध्ये, आणि ते पाउच त्यांच्याच अंगावर. लॉकरमध्ये नाही.

दुसरं म्हणजे चालणं. रोज अर्धा तास फिरणारा माणूस त्या दिवशी पाच-सहा तास चालतो आणि साखर खाली जाते. जेवण रांगेमुळे तासभर पुढे गेलं की अजून खाली. खिशात ग्लुकोजची पावडर किंवा चार साखरेच्या गोळ्या. घाम, थरथर, विचित्र चिडचिड दिसली तर आधी साखर द्या, मग चर्चा करा. सासरे "मला काही नाही झालं" म्हणतील. ते म्हणणं हेसुद्धा लक्षणच समजा.

सगळ्यांसाठी जलसंजीवनीची दोन पाकिटं. एक पाकीट पूर्ण एका लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. पण तहान भागवायला उगाच ते पीत राहू नका, विशेषतः सासरे. साधं पाणी प्या.

घाटात उलट्या होणारं कुणी असेल तर गोळी निघायच्या अर्धा तास आधी. लोणावळा मागे पडल्यावर नाही. तीन वर्षांच्या मुलाला द्यायची का, किती, ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून.

---

संत्राबर्फी | ५ मे, दुपारी ४:०२

आमच्या नागपुरात मे महिन्यात बाहेर निघायचं म्हणजे खिशात कांदा ठेवतात जी. ऊन लागत नाही. आणि डोक्याला दुपट्टा, ओला करून. टोपीनं काही होत नाही, कान उघडेच राहतात.

---

पांढरा_डगला | ५ मे, दुपारी ४:१५

दुपट्टा शंभर टक्के बरोबर. खिशातल्या कांद्याने काही होत नाही. कांदा खा.

---

संत्राबर्फी | ५ मे, दुपारी ४:१९

आमची आजी ८८ वर्षं जगली, कांदा ठेवून.

---

पांढरा_डगला | ५ मे, दुपारी ४:२१

दुपट्ट्यामुळे.

---

खोपोलीचा_पाऊस | ५ मे, संध्याकाळी ६:३३

स्थानिक माणूस म्हणून चार शब्द. पुणेकर इथे एक चूक नेहमी करतात. पुण्याचं ऊन कोरडं. घाट उतरला की हवा बदलते, दमट होते. घाम निथळतो आणि वाळत नाही. जाडजूड जीन्स घालून येणारे दुपारी बाराला चालताना पाय फाकवून चालतात. सैल सुती कपडे घाला, वॉटर पार्क नसेल तर सुती अडचण नाही. मांड्या घासतात त्यांनी पावडर किंवा खोबरेल बरोबर ठेवा. हे कुणी लिहीत नाही पण सगळ्यांना लागतं.

थीम पार्कमध्येही भिजायला होतंच. राजासॉरसची बोटीची राइड आहे, तिच्यात शेवटी पाणी उडतं. (राजासॉरस खरा होता बरं का. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत सापडलेला डायनासोर, २००३ साली त्याला हे नाव मिळालं. मुलीला सांगा, रांगेत वेळ जाईल.) तेव्हा मुलांचा एक कोरडा जोड आणि मोबाईलसाठी साधी चेनची प्लास्टिक पिशवी. चार पंचे नकोत. दोन पुरतात, पंचा पिळून झाडाला टाकला की अर्ध्या तासात वाळतो. जाड टॉवेल मात्र घरीच ठेवा.

छत्र्या कशाला? रांगेत छत्री उघडली की मागच्याच्या डोळ्यात काडी. जूननंतर आलात तर रेनकोट आणा, आमच्याकडचा पाऊस छत्रीला जुमानत नाही. विजा चमकायला लागल्या की मोठ्या राइड थांबवतात, तेही लक्षात ठेवा. मे महिन्यात वळीव आला तरच तो प्रश्न.

आणि पार्क खोपोली-पाली रस्त्यावरच आहे. आजी-आजोबांना पालीच्या बल्लाळेश्वराचं दर्शन घडवायचं असेल तर वेगळा दिवस काढा. एकाच दिवसात दोन्ही करणारे लोक मी बघतो. देव भेटतो, राइड राहतात, आणि मुलं गाभाऱ्यासमोर रडतात.

---

रानजाई | ५ मे, संध्याकाळी ७:१०

मला एक कळत नाही. गुडघे दुखणाऱ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसांना उन्हात न्यायचंच कशाला? घरी आराम करतील. निम्मं सामान तर त्यांचंच आहे.

---

वाळवण | ५ मे, संध्याकाळी ७:४४

रानजाई, राग नाही, पण त्यांनाच यायचंय. सासूबाईंनी टीव्हीवर त्या डायनासोरच्या बोटीची जाहिरात बघितलीय. त्या दिवसापासून दोनदा म्हणाल्या, "बघू तरी काय आहे ते." त्यांच्या बोलण्यात "बघू तरी" म्हणजे जायचंच.

आणि निम्मं सामान त्यांचं नाही. मोजलं मी. त्यांचं बाम, बँडेज आणि औषधं. बाकी सगळं आमच्यासाठी लिहिलंय. पंचे माझ्या मुलांसाठी, सुईदोरा माझ्या नवऱ्यासाठी, त्याची बटणं नेहमी तुटतात. नेलकटर कुणासाठी ते कळलेलं नाही.

---

रानजाई | ५ मे, संध्याकाळी ७:५०

बरं. मग चाकांची खुर्ची मिळते का ते आधी फोन करून विचारा. मागायला लाजू नका, माझ्या आईला लाज वाटली आणि रात्री तिचे पाय सुजले. तेव्हाची चिडचिड इथे काढली, माफ करा.

---

दादरा | ५ मे, रात्री ९:१५

आईला विचारलं. म्हणाली, "मी कशाला बसेन? तुमचे कपडे कोण बघणार होतं?" मग थोडं थांबून म्हणाली, "एकदा त्या बोटीत बसले होते. येताना." म्हणजे फेरीबोटीत.

---

घाटमाथा | ६ मे, सकाळी ७:५८

लहान मुलासाठी एक राहिलं. सकाळी निघताना त्याचा त्या दिवसाच्या कपड्यांत पूर्ण उभा फोटो काढून ठेवा. हरवलं तर "निळा शर्ट होता वाटतं" असं होत नाही. आणि हातावर पेनने तुमचा मोबाईल नंबर. घामाने पुसतो, म्हणून दंडाच्या आतल्या बाजूला लिहा आणि दुपारी परत लिहा. पाठीवर चिठ्ठी अडकवू नका, ती तो स्वतःच काढतो.

तुमचा पाच लिटरचा जार गाडीत राहू दे. आत रिकामी बाटली न्या, नळावर भरा. बाटली स्टीलची असेल तर उत्तम, पण हलकी.

---

वाळवण | १० मे, रात्री १०:५०

परत आलो. सगळे धडधाकट. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी मनापासून सांगितलंत.

आत एकच सॅक गेली. त्यात मुलांचा एकेक जोड, दोन पंचे, बाम, बँडेज, जलसंजीवनी, पावडर, रिकामी बाटली, पत्ते, सुईदोरा. सासऱ्यांचं पाउच त्यांच्या गळ्यात. सतरंजी, छत्र्या, जार गाडीत. संध्याकाळी जारचं पाणी इतकं गरम झालं होतं की सासरे म्हणाले, अंघोळ उरकून घेऊ का.

दशम्या सकाळी घाटाच्या अलीकडे संपल्या, सगळ्या. संध्याकाळसाठी ठेवलेल्यासुद्धा. कढीपत्ता, तुमच्या पद्धतीने दुधात भिजवल्या आणि पूर्ण गार करून भरल्या, हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आणि कशात भिजवतात?" संध्याकाळी चिवड्यावर भागवलं.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेल्या वस्तू: चष्म्याची दोरी (नवरा आयुष्यभर ऋणी आहे), दुपट्टा (संत्राबर्फी, ओला करून, कान झाकून), आणि सुईदोरा. लेकीच्या सँडलचा पट्टा दुपारी दोन वाजता तुटला. सासूबाईंनी बाकड्यावर बसून तो शिवला. शेजारच्या कुटुंबातल्या काकू आपल्या मुलाची सॅक घेऊन आल्या, तिचाही बंद शिवून दिला. मला वाटतं अजून थोडा वेळ बसल्या असत्या तर त्यांचा तिथे धंदा जमला असता.

विसरलेली वस्तू: ओल्या कपड्यांसाठी पिशवी. बादलीची चेष्टा केली आणि मग ओले कपडे चिवड्याच्या पिशवीत भरावे लागले. चिवडा खिशात.

सासऱ्यांची साखर एकदा खाली गेली, साडेबाराच्या सुमारास. जेवायच्या रांगेत उभे असताना अचानक माझ्या नवऱ्याला, "तुला रांगेत उभं राहायचीसुद्धा अक्कल नाही," म्हणाले. ते एरवी असं बोलत नाहीत. डॉक्टर, तुमचं वाक्य आठवलं. आधी ग्लुकोज दिलं. दहा मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "मी काय बोललो रे?"

सासूबाई डायनासोरच्या बोटीत बसल्या. चाकांची खुर्ची घेतली होती, ती बोटीपर्यंत. खाली उतरल्या तेव्हा पुढून पूर्ण भिजलेल्या, पाठ कोरडी. पुन्हा बसायचं म्हणाल्या. बसल्या.

आणि मी नायट्रोवर बसले. लेकीला उंचीच्या पट्टीने अडवलं, नवरा म्हणाला तू जा, मी दोघांना धरतो. सामान लॉकरमध्ये होतं, त्यामुळे कुणी काही धरायचं नव्हतंच. तिथे काय झालं ते विचारू नका. डोळे मिटले होते. घसा बसलाय, म्हणून हे लिहितेय, बोलता येत नाही.

---

निवांत | १० मे, रात्री ११:०४

पत्ते?

---

वाळवण | १० मे, रात्री ११:०६

सासरे आणि इतर तीन आजोबा. बदाम सात. साडेतीन ते साडेपाच. निघायला तयार नव्हते.

---

तिरपीट | १० मे, रात्री ११:०९

आणि नेलकटर?

---

वाळवण | १० मे, रात्री ११:१५

लागलं नाही. पण कुठेतरी पडलं. सासूबाईंनी आल्यापासून चार वेळा विचारलंय. माजी_शिट्टीवाला, तुमच्या त्या हरवले-सापडलेच्या खोक्यात कुणी ओळखीचं आहे का?